तांबडी फीत, निळी फीत

विनिफ्रेडने त्या दिवशी नकारच दिला होता. आज वयाची ऐंशी उलटल्यावरही ती शपथेवर सांगेल की नकारच दिला होता, आणि तोही चांगला ठणठणीत. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या तिच्या गावात असा नकार ऐकल्यावर समोरच्या माणसाने पुढचे सहा महिने तो विषय काढला नसता.

पण हे श्रॉपशर नव्हतं, आयोवा होतं. साल सत्तेचाळीस. लढाईत भेटलेल्या मर्ल हॅस्केटशी लग्न करून, बोटीने समुद्र ओलांडून ती हार्मन क्रीकला आली, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. सासूबाईंच्या घराच्या ओसरीत जत्रेच्या महिला समितीच्या अध्यक्षीणबाई, बर्निस कूली, पुठ्ठ्याने वारा घेत उभ्या होत्या.

"विनी, केकच्या स्पर्धेला परीक्षक हवाय गं. कॉलेजातल्या बाई यायच्या होत्या, त्यांना गालगुंड झालंय. तू होशील?"

पहिली गोष्ट म्हणजे, तिला विनी म्हणायची परवानगी तिने कुणालाच दिली नव्हती. पण ते जाऊ दे. ती हसून म्हणाली, "अय्या, किती बरं वाटलं तुम्ही विचारलंत म्हणून! मला आवडलंच असतं हो. पण मला मेलीला त्यातलं काय कळतंय! अगदी दुसरं कुणीच मिळालं नाही, तर..."

"आवडेल म्हणतेय!" बर्निसने तिथूनच आत हाक दिली. "ओपल, तुझी सून तयार झाली! आणि दुसरं कुणी मिळतच नाहीये, तेव्हा ठरलंच!"

'अहो, मी नाही म्हणाले' हे वाक्य विनिफ्रेडला त्या वयात उच्चारता येत नव्हतं. ते उच्चारायला पुढे तिला नऊ वर्षं लागली, आणि पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा ते दारावर आलेल्या झाडू विकणाऱ्यापुढे. वर त्याच्याकडून दोन झाडूही घेतले.

खरी पंचाईत वेगळीच होती. केकच्या स्पर्धेत सासूबाई गेली अकरा वर्षं पहिल्या येत होत्या.

"मिसेस हॅस्केट, मी परीक्षक असणं बरं दिसेल का?" तिने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"का नाही दिसणार?" ओपल म्हणाली. ती उंच, रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची बाई होती. "तुकड्यांवर नुसते आकडे असतात, नावं नसतात. आणि माझा नारळाचा केक तू अजून खाल्लेला नाहीस. मी तो फक्त जत्रेसाठी करते. तू आपली इमानदारीने खा. डोळ्यांवर पट्टी बांधून खाल्लास तरी मीच पहिली येणार. माझ्यासारखा केक या जिल्ह्यात कुणाला येत नाही."

विनिफ्रेडला कानकोंडं झालं. तिची आई गावच्या प्रदर्शनात नऊदा पहिली आली होती, आणि नऊही वेळा म्हणाली होती, "यंदा काही जमलाच नाही बाई, भट्टीने दगा दिला." स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडाने करायची, आणि तीही भांडी घासता घासता! पण ओपल तसं बोलून तिच्याकडे बघून छान हसली. ओपल सगळ्यांकडे बघून हसायची. पोस्टमनकडे, खाटकाकडे, कुंपणावर बसणाऱ्या कावळ्याकडेही. विनिफ्रेडच्या गावात माणसं इतकी हसत नसत, पण हसली की त्याचा अर्थ कळायचा. इथे चार महिने एका छपराखाली राहून, एका टेबलावर जेवूनसुद्धा तिला कळलं नव्हतं की आपण या बाईला आवडतो का नाही. मागे परतायला समुद्र आडवा. असलेलं घर हे एवढंच. त्यामुळे रोज सकाळी ती सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि तो चेहरा रोज सारखाच हसायचा.

जत्रेच्या दिवशी ऑगस्टचं ऊन असं होतं की कोंबड्यासुद्धा चोच उघडून बसल्या होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये लांब टेबलावर सव्वीस केकांचे तुकडे मांडलेले, वर माश्यांसाठी जाळी. बर्निसने तिच्या हातात काटा, पाण्याचा पेला आणि एक खोका दिला. खोक्यात तीन रेशमी फिती होत्या. एक निळी, एक तांबडी, एक पांढरी.

"छापलेल्या फिती यंदा वेळेवर आल्याच नाहीत, म्हणून साध्याच कापल्यात," बर्निस म्हणाली. "नंबर तर रंगावरूनच कळतो, शेंबड्या पोरालासुद्धा. काही विचारायचंय?"

"छे छे, मुळीच नाही," विनिफ्रेड म्हणाली. विचारणं म्हणजे दुसऱ्याला तोशीस देणं. शिवाय तिला फितींचं सगळं माहीतच होतं. तिच्या जन्मापासून, तिच्या आईच्या जन्मापासून, तांबडी फीत पहिल्या नंबराची, निळी दुसऱ्या आणि पिवळी तिसऱ्या. इथे पिवळीच्या जागी पांढरी दिसत होती. लढाईनंतर पिवळं कापड मिळत नसेल बिचाऱ्यांना, असं तिच्या मनात आलं, आणि तिने त्यांना माफ केलं.

मग ती खाऊ लागली. हे मात्र तिला आजही आठवतं, जिभेसकट आठवतं. तिकडे तिच्या आईला अजून माणशी आठवड्याला एक अंडं मिळत होतं, आणि लोणी तर चाकूच्या टोकावर मावेल एवढं. लढाईतली सगळी वर्षं तिने अंड्याच्या भुकटीचे आणि गाजराच्या किसाचे केक खाल्ले होते आणि 'काय छान झालाय' म्हटलं होतं. इथे एकेका केकात सहा-सहा अंडी! चौथ्या-पाचव्या घासाला तिचे डोळे भरून आले. बर्निसने लांबून ते पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, किती मन लावून करतेय!"

सतरा नंबरचा तुकडा नारळाचा होता. तीन थर, सावरीच्या कापसासारखा मऊ. त्याच्यात उणिवा होत्या, त्या तिला दिसल्याही, कारण तिच्या आईने तिला केक खायला नव्हे, तपासायला शिकवलं होतं. तरी पण टेबलावर त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. त्याच्यापाठोपाठ नऊ नंबरचा, वेलदोड्याचा. विनिफ्रेडने सतराला तांबडी फीत लावली, नऊला निळी, आणि एका लिंबाच्या केकला पांढरी. काटा पुसून ठेवला. मन अगदी स्वच्छ.

चिठ्ठ्या उघडल्या. सतरा म्हणजे ओपल हॅस्केट. नऊ म्हणजे हुल्डा लिंडक्विस्ट, पुलापलीकडच्या शेतावरची एक बुटकी, अबोल बाई.

शेडमधल्या सगळ्या माना आधी ओपलकडे वळल्या. मग एकदम कल्ला. हुल्डा तोंडावर दोन्ही हात धरून रडायला लागली. बायका तिच्या गळ्यात पडल्या. विनिफ्रेडला वाटलं, दुसऱ्या नंबराचं केवढं हे कौतुक, मोठ्या मनाची आहेत हो ही माणसं. आणि पहिल्या आलेल्या सासूबाईंजवळ कुणीच नाही! ती लगबगीने ओपलकडे गेली, तिचा हात हातात घेतला, आणि तिच्या भाषेत होती नव्हती तेवढी सगळी स्तुती एका वाक्यात ओतून म्हणाली, "तुमचा केक खरंच काही वाईट नव्हता हं."

ओपलने तिच्याकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती हसली नाही.

"आभारी आहे, विनी," ती म्हणाली, आणि डोक्यावरची हॅट सारखी करून शेडबाहेर गेली.

आनंदाने घसा दाटला असेल, असं विनिफ्रेडला वाटलं. काय म्हणावं अशा बाईला! म्हणावं ते सगळं विनिफ्रेडने पुढच्या साठ वर्षांत स्वतःला म्हणून घेतलंय.

मर्ल तिला गुरांच्या गोठ्याकडे घेऊन गेला. तिथे क्लेटन फ्राय नावाचा शेतकरी आपल्या अवाढव्य बैलाशेजारी उभा होता. बैलाच्या गळ्यात निळी फीत. विनिफ्रेडने मान तिरकी केली, आवाज हळू केला आणि म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ हं, मिस्टर फ्राय. होतं असं कधीकधी. पुढच्या वर्षी नक्की."

क्लेटनने तोंडातली काडी काढली. "पुढच्या वर्षी काय नक्की, ताई?"

"पहिला नंबर."

क्लेटनने मर्लकडे बघितलं. "मर्ल्या, ऊन लागलंय बघ रे हिला. सावलीत ने. बाई, अख्ख्या जिल्ह्यात पहिला आलाय माझा बैल! ही निळी फीत दिसत नाही का?"

विनिफ्रेडने बैलाकडे पाहिलं. बैलाने विनिफ्रेडकडे पाहिलं. दोघांत बैल जास्त शहाणा दिसत होता.

"मर्ल," तिने क्षीण आवाजात विचारलं, "मग तांबडी कितवी?"

"दुसरी. का गं?" आणि मग मर्लच्या डोक्यात प्रकाश पडला. तो गवताच्या भाऱ्यावर बसला आणि पोट धरून हसला. "म्हणजे तू आईला... अकरा वर्षांनी... आणि वर जाऊन अभिनंदन केलंस?"

"'काही वाईट नव्हता' असंही म्हणाले."

मर्ल आणखी पाच मिनिटं हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "त्यात काय एवढं! बर्निसला जाऊन सांग, चुकलं म्हणून. दोन मिनिटांचं काम."

"तमाशा होईल ना पण."

"जत्रेत तमाशा नाही करायचा तर कुठे करायचा?"

या माणसाशी आपण लग्न कसं केलं, असा प्रश्न तिला पडला. मग तिने विचार केला, आधी हुल्डाला सांगायला हवं. फीत तिच्याकडची जाणार. तिला हळूच, तिचं मन न दुखावता, सुचवावं.

हुल्डा लिंबाच्या सरबताच्या टेबलाशी होती. निळी फीत तिने पोशाखावर टाचली होती, थेट काळजावर.

"काय उकडतंय ना," विनिफ्रेडने सुरुवात केली.

"हो ना."

"इकडचे रंग फार... फार निराळे असतात नाही?"

"रंग?"

"म्हणजे आकाशाचे वगैरे."

हुल्डाने आकाशाकडे पाहिलं. मग एकदम विनिफ्रेडचे दोन्ही हात धरले. "चौदा वर्षं केक ठेवतेय मी, मिसेस हॅस्केट. कधी सहावी, कधी नववी. आज आमचे हे फीत बघून म्हणाले, 'हुल्डे, जिंकलीस की!' लग्नानंतर मला हुल्डे म्हणालेच नव्हते ते."

विनिफ्रेडने एक पेला सरबत प्यायलं, आणखी एक प्यायलं, आणि 'येते हं' म्हणून निघाली. हुल्डाला सांगणं शक्य नव्हतं. न सांगणंही शक्य नव्हतं, कारण समोर बाकावर ओपल एकटीच बसली होती, मांडीवर तांबडी फीत घेऊन. आता ती हसू लागली होती, येणाऱ्याजाणाऱ्याकडे, नेहमीसारखी. फक्त विनिफ्रेड जवळ आली की हसू थांबत होतं. एवढी नाराजी तरी विनिफ्रेडला नीट वाचता आली. हे घर आपण एका फितीपायी घालवलं.

ती शेजारी बसली. "उकाडा आहे नाही?"

"ऑगस्ट आहे."

"संध्याकाळी वारा सुटेल, असं म्हणतात."

"सुटेल."

"पाऊस काही दिसत नाही."

"विनी," ओपल तिच्याकडे वळली, "चार महिने मी तुझ्याकडून हवामान ऐकतेय. तुझ्या पोटात काय आहे ते एकदा ओठावर आण. मी तुझी सासू आहे, पंचांग नाही!"

विनिफ्रेडने डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. तांबडी, निळी, पिवळी, आई, बैल, सगळं.

ओपलने मांडीवरची तांबडी फीत उचलून पाहिली.

"म्हणजे मी पहिली?"

"हो."

"आणि 'वाईट नव्हता' म्हणजे?"

"आमच्याकडे याच्यावर काही नसतंच हो. राजाच्या राज्याभिषेकाला म्हणतात."

ओपल ताडकन उठली. "मग हे तू माझ्या कानात काय सांगतेस? आख्ख्या गावासमोर हरलेय मी. आख्ख्या गावासमोर सांग! तो बघ माइक."

मंडपात चारशे माणसं बसली होती, बँडवाले घाम पुसत होते. ओपलने तिला दंडाला धरून व्यासपीठावर चढवलंच. विनिफ्रेडने ठरवलं, आज स्पष्ट बोलायचं. आयुष्यात एकदा. आणि ती, तिच्या मते, अत्यंत स्पष्ट बोलली.

"मला वाटतं, म्हणजे, माझ्याकडून कदाचित रंगांच्या बाबतीत थोडीशी गडबड झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आमच्याकडे पद्धत जरा निराळी असते. दोष माझाच. कुणाला त्रास झाला असेल तर फार फार दिलगीर आहे. केक सगळेच चांगले होते. काही काही तर, तांबड्या फितीचा विशेषतः, अगदीच बरा होता. तुम्ही सगळे फार चांगले आहात."

चारशे माणसांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी शीळ घातली. बर्निसने डोळ्यांना रुमाल लावून माइक घेतला. "किती गोड! किती ती नम्रता! इंग्लंडसाठी आणखी एकदा टाळ्या!" बँडने मोठ्याने काहीतरी वाजवायला सुरुवात केली. मंडपात एकालाही एका अक्षराचा बोध झाला नव्हता.

एकीला सोडून. हुल्डा लिंडक्विस्ट स्वीडिश आईच्या हाताखाली वाढलेली होती. थोडं बोलणाऱ्या माणसांचं न बोललेलंही तिला ऐकू यायचं. ती मंडपामागे आली, तेव्हा तिने फीत आधीच काढून हातात घेतली होती.

"माझा दुसरा होता ना?" तिने विचारलं.

विनिफ्रेड घाईघाईने म्हणाली, "फार जवळचा होता हो. खरंच फार..."

"किती जवळचा ते नको सांगू. दुसरा ना?"

"हो."

हुल्डाने निळी फीत ओपलच्या हातात ठेवली आणि आपला तळवा पसरला. "मग माझी तांबडी दे, ओपल. चौदा वर्षांत सहाच्या वर गेले नव्हते. दुसरी आले ती माझ्या हिमतीवर, ती मी कुणाला सोडणार नाही. आमच्या ह्यांना सांगते काय ते. रंगाने त्यांचं काही अडत नाही, जिंकले म्हणजे झालं."

दोघी बायकांनी फिती बदलल्या. एखाद्या शेतकऱ्याने हातातलं खुरपं बदलावं, तितक्या सहज. विनिफ्रेड बघत राहिली. याच कामासाठी तिने दोन पेले सरबत, चार वेळा हवामान आणि एक भाषण खर्ची घातलं होतं.

"आता," ओपल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हुल्डाच्या समोर मला बरा-बिरा न म्हणता सरळ सांग. कसा होता माझा केक?"

"बराच..."

"विनी!"

विनिफ्रेडने श्वास घेतला. "आजपर्यंत खाल्लेल्यात सगळ्यात चांगला. माझ्या आईच्यापेक्षासुद्धा."

म्हटलं, आणि तिला एकदम हलकं वाटलं. आभाळ कोसळलं नाही. कुणी लाजून मेलं नाही. इतकं सोपं असतं हे! आणि नव्याने पोहायला शिकलेला माणूस जसा काठ सोडून धारेत शिरतो, तशी ती थांबलीच नाही. "पण वरचा साखरेचा थर बोटभर जाड होता, तो निम्मा पुरला असता. खालचा थर वरच्यापेक्षा जड झाला. डावी बाजू जास्त भाजली, भट्टीत फिरवायला विसरलात तुम्ही. नारळ लांबट किसला, दातात अडकतो. मीठ चिमूटभर कमी. कापायच्या आधी गार होऊ दिला नाहीत, म्हणून कड फाटली. आणि मधोमध किंचित बसला होता."

हुल्डा हळूच तिथून सटकली.

ओपलने निळी फीत घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गाडीकडे चालू लागली. परतीच्या वाटेवर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मीठ पुढे करायची, बटाटे पुढे करायची, पण शब्द नाही. मर्लने विचारलं, "काय केलंस गं आता?" विनिफ्रेड म्हणाली, "स्पष्ट बोलले." मर्लने कपाळाला हात लावला. वरच्या खोलीत तिने आपली पेटी पलंगाखालून ओढून पाहिली, कुलूप चालतंय का म्हणून.

रविवारी चर्चमधून बाहेर पडताना अंगणात बायकांचा घोळका जमला होता. मधोमध ओपल उभी होती, आणि तिचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जात होता. विनिफ्रेड पायरीवरच थबकली.

"सात!" ओपल हाताची बोटं पुढे करून सांगत होती, एक हात आणि दोन बोटं. "सात चुका काढल्या माझ्या केकात! एका घासात! अकरा वर्षं तुम्ही माझा केक खाताय, एकीला तरी एक चूक दिसली? बर्निस, तुला दिसली? नाही ना? कुठून दिसणार! माझी डावी बाजू जास्त भाजते, हे मला माहीत होतं, बाकी या जिल्ह्यात कुणाला नव्हतं. आणि हिने नुसतं चाखून सांगितलं! अशी जीभ आहे का कुणाच्या सुनेची? माझ्या सुनेची आहे. इंग्लंडमधून आणलीय!"

बायका वळून विनिफ्रेडकडे बघू लागल्या. ओपलने गर्दीतूनच तिला खूण केली, ये म्हणून. ती हसत होती, पण पोस्टमनकडे बघून हसते तशी नाही. इतका वेळ टक लावून पाहिल्यावर विनिफ्रेडला तो फरक आता कळत होता. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, आणि काहीतरी चांगलं, मोठं, मोकळं बोलावं असं तिला फार वाटलं.

"सात कुठल्या हो," ती पायाकडे बघत पुटपुटली, "पाचच असतील."